नोकरी सोडू नकोस, रुक्मिणीही सोडू नकोस

पत्र आलंय सांगलीहून. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते:

"ताई, माझं वय सव्वीस. बी.कॉम. झालंय, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. लहानपणापासून एकाच गुरुजींकडे शास्त्रीय शिकतेय, विशारद झाले. मागच्या वर्षी इथल्या हौशी ग्रुपकडून राज्य संगीत नाट्य स्पर्धेत काम केलं आणि गायनाचं बक्षीस मिळालं. आता पुण्याची एक संस्था 'स्वयंवर' हे जुनं संगीत नाटक नव्यानं बसवतेय, त्यांनी मला त्यातल्या नायिकेसाठी, रुक्मिणीसाठी विचारलंय. दोन महिने तालीम, मग दौरा. गुरुजी म्हणतात नाटकात गेलीस की गळा गेला आणि बैठकीचं गाणं संपलं. घरचे म्हणतात नोकरी सोडून नाटक म्हणजे वेडेपणा, शिवाय स्थळं बघणं चालू आहे. मला स्वतःला वेगळीच भीती आहे, गाणं जमतं पण गद्यात, म्हणजे संवादात, मी नुसती खांबासारखी उभी राहते. यात करिअर होतं का हो? ता.क. वन्स मोअर आला तर पुन्हा गायचं असतं का? स्पर्धेत आला होता आणि मी घाबरून नुसती उभी राहिले."

अगं, आधी अभिनंदन. स्पर्धेतल्या मुलीला रुक्मिणी विचारणं ही साधी गोष्ट नाही, आणि माझं उत्तर 'हो म्हण' असंच आहे. पण हो म्हणायच्या आधी काही गोष्टी नीट समजून घे, कारण या कामात वाताहत झालेली बरीच गुणी माणसं मी पाहिलीत आणि त्यातल्या बहुतेकांच्या गाण्यात काहीच कमी नव्हतं.

गुरुजींपासून सुरुवात करू. त्यांना चुकीचं ठरवायची घाई करू नकोस, त्यांची भीती खरी आहे. बैठकीत तू बसलेली असतेस, मागे दोन तंबोरे, तबलजी हाताच्या अंतरावर, राग उलगडायला अख्खा तास. नाटकात तू उभी, अंगावर जड शालू, ऑर्गन आणि तबला खाली किंवा विंगेजवळ, तंबोरा नाहीच, आणि पाच-सहा मिनिटांत यमनाचा सगळा अर्क काढून पुन्हा गद्यावर यायचं. याची सवय लागली की काही जणांचं गाणं टाळीच्या मागे लागतं, प्रत्येक जागा ठोसून घ्यायची, तान फेकायची, आणि मग बैठकीला बसले की विलंबितात, संथ लयीच्या गाण्यात, जीव रमत नाही. हे होतं, मी नाकारत नाही. पण ते नाटकामुळे होतं की रियाज सुटल्यामुळे होतं? मला विचारशील तर दुसरं कारण जास्त खरं आहे. दौऱ्यात सकाळचा रियाज जातो, जागरणं वाढतात, मग माणूस आहे त्या पुंजीवर खात राहतो.

आणि गुरुजींनाही माहीत असेलच की स्वयंवरच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, 1916 सालचं नाटक, म्हणजे त्या काळच्या अस्सल घराणेदार गवयानं नाटकासाठी बांधलेलं गाणं आहे ते. बुवांचेच शिष्य मास्टर कृष्णराव गंधर्व नाटक मंडळीत काम करायचे आणि मैफलीही गाजवायचे. गायक-नट राम मराठ्यांचं तेच. बाईचं उदाहरण हवं असेल तर हिराबाई बडोदेकर, किराणा घराण्याच्या एवढ्या मोठ्या गायिका, त्यांनी भावंडांबरोबर नाटक कंपनी काढली आणि स्वतः नायिका केल्या, बायका स्टेजवर येणं लोकांना पचत नव्हतं त्या काळात. त्यांचं बैठकीचं गाणं संपलं असं कोणी म्हणेल का? तर गुरुजींना असं सांग की गुरुजी, मी करतेय, पण सकाळचा रियाज सोडणार नाही आणि दर पंधरा दिवसांनी येऊन विलंबित ऐकवून जाईन. आणि खरंच जा. पदं त्यांच्यापुढे एकदा गाऊन दाखव, त्यात रागाची जागा कुठे घसरतेय ते त्यांच्याइतकं नीट दुसरं कोणी सांगणार नाही. फक्त संस्थेच्या संगीत मार्गदर्शकाला हे आधी सांगून ठेव, नाहीतर दोन गुरूंच्या मध्ये तुझं भरीत होईल.

आता तुझी खरी अडचण, गद्य. मला आनंद झाला की तुला ती स्वतःहून दिसली, कारण गाणाऱ्या माणसांना बहुतेक वेळा दिसतच नाही, ती पदाची वाट बघत संवाद उरकतात. आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. संगीत नाटक मागे पडलं त्याची सिनेमा, खर्च, बदललेली आवड अशी बरीच कारणं सांगतात, पण माझ्या मते एक कारण आतलं आहे, नाटक थांबवून गायलेली लांबच लांब पदं. रुक्मिणी कृष्णाच्या आठवणीनं व्याकूळ झालीय म्हणून गाते. ती भीमपलास येतो हे दाखवायला गात नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं हे असं. गद्यातून पदात जाताना काय होतं ते बघ. तुझं शेवटचं वाक्य चालू असताना ऑर्गनवाले हळूच षड्ज, म्हणजे तुझा सा, धरतात. नवखी नटी काय करते, वाक्य संपवते, थांबते, स्वर ऐकते, घसा साफ करते, पाय जुळवते आणि मग गायला लागते. त्या तीन-चार सेकंदांत रुक्मिणी जाते आणि गाण्याच्या परीक्षेला आलेली मुलगी उभी राहते. त्यापेक्षा शेवटचं वाक्यच अशा सुरात बोल की त्याची शेवटची अक्षरं षड्जाच्या आसपास येऊन टेकतील, श्वास वाक्याच्या शेवटी न घेता शेवटच्या दोन शब्दांच्या आधी घे, आणि नजर होती तिथेच ठेव. म्हणजे बोलता बोलता गाणं कधी सुरू झालं ते कळूच नये. हे फार कठीण नाही पण ऑर्गनवाल्यांबरोबर बसून पुन्हा पुन्हा करावं लागतं, दिग्दर्शकाच्या तालमीत त्याला वेळ मिळत नाही, म्हणून त्यांना आधी गाठ आणि रोज तालमीच्या आधी अर्धा तास माग. कोणताही चांगला साथीदार आनंदानं देतो.

दुसरं म्हणजे हात. बैठकीत आपला हात तानेबरोबर हवेत फिरतो, समेवर मांडीवर पडतो, आपल्याला कळतही नाही. स्टेजवर रुक्मिणीचा हात तान काढायला लागला की संपलं. घरी आरशासमोर उभी राहून दोन्ही हातात पूजेचं तबक धरून पद म्हण, तबकात पाण्यानं भरलेली वाटी ठेव, पाणी हिंदकळलं की समजायचं हात गातोय. सुरुवातीला तान अडेल, कारण लय हातात असते आपली, ती पोटात यायला थोडे दिवस जातात. आणि रियाजाचा थोडा भाग आजपासूनच उभ्यानं कर, चालत कर, नऊवारी नेसून कर. बसून गाणाऱ्याचा दम उभ्यानं गाताना वेगळा वागतो, वळून दोन पावलं टाकून तार षड्ज लावायचा असेल तर तो आधी शरीराला माहीत पाहिजे.

'स्वयंवर' लिहिणाऱ्या खाडिलकरांचं गद्य मोठ्यानं वाच, रोज. लांब, पल्लेदार वाक्यं आहेत, आजच्या जिभेला सवय नाही. आधी भाव-बिव काही नको, नुसता अर्थ कुठे तुटतो, श्वास कुठे घ्यायचा, जोर कोणत्या शब्दावर, एवढंच पेन्सिलीनं मार्क कर आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐक. तुला धक्का बसेल की गाताना एवढी रुंद, मोकळी लागणारी मुलगी बोलताना चिमट्यातून बोलतेय. बहुतेक गाणाऱ्या मुलींचं तेच असतं, बोलायचा आवाज कोणी कमावलेलाच नसतो. आणि समोरचा बोलत असताना खरंच ऐक. खांबासारखं उभं राहणं हे बरेचदा न ऐकण्यामुळे असतं, पुढचं वाक्य डोक्यात घोळवत उभं राहिलं की अंग आपोआप ताठरतं.

पट्टीचं, म्हणजे सा कोणत्या उंचीवर धरायचा त्याचं पण सांगते कारण इथे मुली फसतात. रुक्मिणी मुळात बालगंधर्वांची. म्हणजे पुरुषाच्या गळ्यातली नायिका, त्यांच्या पट्टीत, त्यांच्या लगावात. तू यूट्यूबवर ती रेकॉर्डिंग्ज ऐकणारच, ऐकायलाच हवीत, त्यातला शब्द कसा उच्चारलाय, लय कशी लाडीक मागेपुढे होते ते शिकायला. पण मुरकी न मुरकी उचलून नक्कल करू नकोस, आणि पट्टी तुझ्या बोलण्याच्या आवाजाला जवळ पडेल अशी ठरव. मैफलीत तू जी पट्टी घेतेस त्यापेक्षा अर्धा स्वर खाली आली तरी बिघडत नाही, तीन तास बोलून मग शेवटच्या अंकात गायचंय तुला. पट्टी पहिल्या आठवड्यातच नक्की करून घे, रंगीत तालमीला बदलायला गेलीस तर सगळ्यांचीच पंचाईत.

गळा जातो तो गाण्यानं कमी आणि ओरडून बोलण्यानं, प्रवासानं, जागरणानं जास्त जातो. प्रयोगानंतर रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवायचं आणि लगेच बसमध्ये आडवं व्हायचं, आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज बसलेला. प्रयोग झाल्यावर ग्रीनरूममध्ये आलेल्या लोकांशी गोंगाटात बोलणं टाळ, हसून नमस्कार पुरतो. आवाज बसला तर कुजबुजू नकोस, कुजबुजीनं ताण उलट वाढतो, सरळ गप्प बस. पाणी दिवसभर थोडं थोडं. आणि दोन-तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा जात नाही असं कधी झालं तर काढे बंद, सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरयंत्राची तपासणी करून घ्यायची.

आता घरचे. पैशाबद्दल ते बरोबर बोलतायत आणि तू ते मान्य कर. आपल्याकडे नटाला पगार नसतो, नाईट असते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. तालमीचे बहुतेक ठिकाणी काही नाही किंवा जाण्यायेण्याचे. संगीत नाटकाची माणसं जास्त, साथीदार वेगळे, कपडेपट भारी, त्यामुळे निर्मात्याचा खर्च मोठा आणि तारखा कमी, आणि ज्या लागतात त्या बहुतेक शनिवार-रविवार. ज्यांच्यासाठी लोक वेडे झाले त्या बालगंधर्वांची कंपनीसुद्धा कर्जात बुडाली होती. तेव्हा नुसत्या प्रयोगांवर घर चालवायचं असा हिशेब मांडू नकोस, तू अकाउंट्सची आहेस, तुला तो एका कागदावर कळेल.

पण म्हणून करिअर होत नाही असं नाही. आज नाट्यसंगीत गाणारी जी माणसं नीट जगतायत त्यांचं बघ. नाटकातून नाव होतं, मग त्या नावावर दिवाळी पहाट, गणेशोत्सव, नाट्यगीतांचे कार्यक्रम मिळतात, शिकवण्या मिळतात, कुणाला मालिका, डबिंग, कुणी नवीन नाटकांना संगीत देतं. पैसा या बाजूच्या कामांतून येतो आणि दरवाजा नाटक उघडतं. म्हणून भूमिका घ्यायची, चोख करायची, आणि तिच्याभोवती बाकीचं हळूहळू उभं करायचं. आणि फक्त जुनंच चालतं असंही समजू नकोस. 'संगीत देवबाभळी' 2017 मध्ये आलं, स्टेजवर दोघीच बायका, स्वतः गाणाऱ्या, आणि 500 प्रयोग करून 2023 मध्ये थांबलं. म्हणजे गाता येणारी आणि बोलताही येणारी नटी लोकांना हवी आहे, तिच्यासाठी नवं लिहिलंही जातं. नुसती गाणारी असशील तर मात्र तुला फक्त जुन्या नाटकांची पुनरुज्जीवनं मिळतील, तीही तिशी-पस्तिशीपर्यंत. रुक्मिणीचं वय असतं गं. पुढे आई, मावशी, खलनायिका करायच्या तर गद्यच कामाला येणार.

नोकरी सोडू नकोस, निदान पहिली दोन वर्षं. तुझ्याच पेशातलं उदाहरण देते. डॉ. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते. 'कट्यार काळजात घुसली' 1967 च्या डिसेंबरात आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि त्या नाटकातले खाँसाहेब म्हटलं की आजही आधी तेच डोळ्यासमोर येतात. तुला सव्विसाव्या वर्षी सगळं पणाला लावायची गरजच नाही. ऑफिसमध्ये बिनपगारी रजा विचार. नाही मिळाली तर संस्थेला सांग की पहिला महिना शनिवार-रविवार पुण्यात येईन, पदं आणि पाठांतर घरी पूर्ण करून आणेन, शेवटचे तीन आठवडे पूर्ण वेळ देईन. मनापासून तू हवी असशील तर ते मान्य करतील. सांगलीतून येणारी मुलगी म्हणून पडती बाजू समजू नकोस, मराठीतलं पहिलं नाटक मानतात ते 'सीता स्वयंवर' विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये केलं ते तुमच्याच गावात.

आणि हो म्हणताना या गोष्टी लेखी घे, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण स्पष्ट. नाईट किती, ती प्रयोगाच्याच रात्री मिळणार की नंतर, ऐनवेळी प्रयोग रद्द झाला तर काय, प्रवास आणि राहणं कोणाकडे, मुलींसाठी वेगळी खोली आहे ना, तू आजारी पडलीस तर बदली कोण, आणि प्रयोगाचं रेकॉर्डिंग करून कुठे टाकलं तर तुझा त्यात वाटा काय. हे शेवटचं कोणी विचारत नाही आणि मग आपलंच पद लाखो लोक बघतात आणि आपल्याला दमडी मिळत नाही. पैशाचं विचारलं तर संस्थेला वाईट वाटेल असं मनात आणू नकोस. चांगली संस्था हे स्वतःहून सांगते, आणि जी विचारल्यावर 'अहो ही तर रंगभूमीची सेवा' असं म्हणते तिच्याकडे मी तरी तुला पाठवणार नाही.

स्थळांचं एवढंच, पहिल्याच भेटीत सांगून टाक की शनिवार-रविवार माझे प्रयोग असतात आणि मी रात्री दोनला घरी येते. ज्याला चालणार नाही तो तिथेच कळेल.

राहिला तुझा ता.क. वन्स मोअर. स्पर्धेत घाबरलीस ते ठीकच झालं, तिथे वेळेचं बंधन असतं. व्यावसायिक प्रयोगात हे दिग्दर्शकाशी आणि साथीदारांशी आधीच ठरवून ठेवायचं, कोणत्या पदाला घ्यायचा आणि कोणत्या पदाला लोक कितीही ओरडले तरी पुढे जायचं. दुःखाच्या पदाला मी तरी घेऊ देणार नाही. जिथे घ्यायचा तिथे अख्खं पद नको, तबलजीकडे न बघता नुसता अंतरा उचल, त्यात एखादी जागा नवीन घे म्हणजे पुन्हा ऐकल्याचं सार्थक होईल, आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायचा नाही, तू अजून रुक्मिणीच आहेस. समोरच्या नटाला सांगून ठेव की टाळ्या चालू असताना त्यानं भूमिका सोडून हसायचं नाही आणि टाळ्या पूर्ण थांबायच्या जरा आधीच आपलं वाक्य टाकायचं, म्हणजे सीन परत हातात येतो. पहिले काही प्रयोग तर घेऊच नकोस, आधी नाटक अंगात मुरू दे.